क्लचचा नट सुटत का नाही? एका छोट्या प्रश्नाचा मोठा इतिहास

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी हमखास विचारतात, "विषय कसा शोधायचा?" बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की विषय म्हणजे काहीतरी भव्य हवं, एखादा सिद्धांत, एखादी चळवळ, निदान एखादा मोठा माणूस तरी. आज आपण उलट्या बाजूने जाऊया. एक हाताच्या मुठीत मावेल अशी वस्तू घेऊया आणि तिला एकच प्रश्न विचारूया.

वस्तू आहे जुन्या गिअरच्या स्कूटरच्या क्लचचा नट. घरच्या घरी स्कूटर उघडून बसलेल्या माणसाचं काम ज्याच्यापाशी अडतं, तो. आणि प्रश्न आहे: हा सुटत का नाही?

"जाम झालाय" हे उत्तर आपल्याला चालणार नाही. जाम झालाय म्हणजे सुटत नाहीये, एवढंच त्यातून कळतं. प्रश्न फक्त दुसऱ्या शब्दांत परत आला. खरं उत्तर शोधायला गेलं की आपण दोन वेगवेगळ्या इतिहासांत शिरतो. एक आहे सगळ्या नटांचे आटे सारखे करण्याचा इतिहास. दुसरा आहे घर्षण समजून घेण्याचा. माझं पीएचडीचं काम घर्षणावर आहे, त्यामुळे दुसऱ्याकडे माझा ओढा जास्त आहे हे आधीच सांगून ठेवतो.

आधी वस्तू नीट बघूया

वेस्पा ही स्कूटर इटलीतल्या पियाजिओ कंपनीची. तिच्या आराखड्याचा पेटंट अर्ज २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये दाखल झाला. रचना कोराडिनो दास्कानिओ यांची. हे मूळचे विमानांचे अभियंते, १९३० मध्ये त्यांच्या हेलिकॉप्टरने विक्रम केले होते. मोटारसायकल त्यांना मुळात आवडायची नाही. साखळीचं तेल कपड्यांवर उडतं, चाक बदलणं कटकटीचं, ही त्यांची तक्रार. म्हणून वेस्पात साखळी नाही. इंजिन मागच्या चाकाला लागूनच आहे आणि ताकद गिअरमधून थेट चाकाकडे जाते.

या मांडणीत क्लच बसला थेट क्रँकच्या टोकावर, तेलात बुडालेला. आत एकाआड एक चकत्या: काही साध्या पोलादी, काहींवर बुचाच्या झाडाच्या सालीचं अस्तर, म्हणजे आपण ज्याला कॉर्क म्हणतो ते. हे सगळं प्रकरण क्रँकवर धरून ठेवतो एकच नट. तो नेहमीसारखा षटकोनी नाही. किल्ल्याच्या तटावर जसे चरे असतात तशा खाचा त्याच्या कडेवर आहेत. त्याच्या खाली एक पत्र्याचा वॉशर असतो, ज्याचं पातं वाकवून नटाच्या खाचेत बसवतात. नट सोडायचा तर आधी ते पातं सरळ करायचं, मग खाचांत बरोबर बसणारा खास पाना लावायचा आणि क्रँक फिरू नये म्हणून क्लच धरून ठेवायचा.

म्हणजे नटाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी निदान तीन झाल्या: आटे, घर्षण आणि ते वाकवलेलं पातं. एकेक घेऊया.

आटे सारखे कुणी केले?

आज आपण दुकानात जाऊन "आठचा नट द्या" म्हणतो आणि तो बसतो. ही सोय फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका बोल्टचा नट दुसऱ्यावर चढेलच याची खात्री नसे, म्हणून जोडी जपून ठेवावी लागे.

लंडनमधल्या हेन्री मॉडस्ली यांनी १८०० च्या आसपास अचूक आटे कापणारं लेथ उभं केलं. पण अचूक आणि सारखं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रत्येक कारखाना आपापल्या परीने अचूक असू शकतो आणि तरीही कुणाचंच कुणाला बसत नाही. ही दुसरी अडचण मॉडस्लींच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी हातात घेतली. त्यांची पद्धत लक्ष देऊन बघा, कारण ती आपल्या कामाची आहे. त्यांनी "आदर्श आटा कोणता" हे टेबलावर बसून ठरवलं नाही. इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरीच्या जवळ जाणारी एक मालिका तयार केली. आट्याचा कोन ठरला ५५ अंश. १८४१ मध्ये त्यांनी हे लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मांडलं.

सरासरी घेतल्यामुळे एक गंमत झाली. कुणालाच आपली पद्धत पूर्ण सोडून दुसऱ्याची घ्यावी लागली नाही. सगळ्यांना थोडं थोडं सरकावं लागलं. कुठलंही प्रमाण टिकतं ते तांत्रिक गुणांवर जितकं, तितकंच लोक ते मान्य करतात का यावर.

१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे वेगळा आटा मांडला: कोन ६० अंश, टोकं गोल करण्याऐवजी सपाट. त्यांचा मुद्दा कारागिराच्या बाजूचा होता. व्हिटवर्थचा गोलाई असलेला आटा बनवायला जास्त हत्यारं आणि जास्त कौशल्य लागतं, हा सपाट आटा साधा कामगारही करू शकतो. मग झालं असं की इंग्लंड ५५ वर राहिलं आणि अमेरिका ६० वर गेली. युरोपातल्या मेट्रिक देशांनी १८९८ मध्ये झुरिकला ६० अंश स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा या फरकाची किंमत कळली. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा एकच आटा मान्य केला.

हा इतिहास आपल्या गॅरेजांतही दिसायचा. जुनी बुलेट खोलणाऱ्या मिस्त्रीकडे इंची पान्यांचा वेगळा संच असे, कारण ती गाडी ब्रिटिश घराण्यातली. वेस्पाच्या वंशातल्या स्कूटरला मेट्रिक पाने लागत. गाडी कुठल्या देशातून आली हे पान्यांच्या पिशवीवरून ओळखता यायचं.

घट्ट म्हणजे नेमकं काय?

आता दुसरा इतिहास. नट आवळताना तुम्ही पान्यावर जो जोर लावता, त्याचं काय होतं? अभियांत्रिकीत एक ढोबळ हिशेब सांगतात. साधारण निम्मा जोर नटाच्या तळाच्या घर्षणात जातो. साधारण ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो. उरलेले फक्त १० टक्के बोल्ट किंवा शाफ्ट ताणण्याच्या कामी येतात. प्रत्यक्ष जोड धरून ठेवतो तो हा ताण. ओढलेल्या रबरासारखा शाफ्ट किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो, म्हणून सगळं दाबून बसतं.

या आकड्यांचा अर्थ काढा. घर्षणात थोडा जरी फरक पडला, तरी उरलेल्या दहा टक्क्यांचं गणित खूप बदलतं. एकाच जोराने आवळलेला कोरडा नट आणि तेल लावलेला नट, दोघांतला खरा ताण वेगळा असतो. म्हणून "किती जोराने आवळलं" आणि "किती घट्ट आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

घर्षणाचे नियम शाळेत दोन ओळींत संपतात, पण त्यांच्यामागे मोठी रांग आहे. गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडलं की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं आणि स्पर्शाचं क्षेत्रफळ किती याने फरक पडत नाही. शार्ल कूलोंब यांनी पुढे खूप बारकाईने प्रयोग केले, त्यांचा ग्रंथ १७८५ मध्ये छापला गेला. हे विजेच्या नियमाचेच कूलोंब. त्यांना एक गोष्ट दिसली जी आपल्या नटासाठी महत्त्वाची आहे: दोन पृष्ठभाग जितका जास्त वेळ एकमेकांवर टेकून राहतात, तितका त्यांना हलवायला लागणारा सुरुवातीचा जोर वाढतो. म्हणजे नुसतं बसून राहण्यानेही पकड वाढते.

असं का होतं, याचं चांगलं उत्तर यायला विसावं शतक उजाडलं. फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी दाखवलं की गुळगुळीत दिसणारे दोन धातू खरे फार थोड्या जागी एकमेकांना टेकतात, डोंगरावर डोंगर उपडा ठेवल्यासारखे. त्या टेकलेल्या शिखरांवर दाब इतका प्रचंड असतो की धातू दबून एकमेकांना चिकटतो. १९५० मध्ये या विषयावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि आजही आम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

आणि एक बघा. ज्या क्लचला हा नट धरून ठेवतो, तो क्लच स्वतः घर्षणावरच चालतो. तिथे घर्षण हवं तेव्हा जोडायचं आणि लिव्हर दाबला की तोडायचं. नटाच्या बाबतीत ते कायम जोडलेलं हवं. एकाच शाफ्टवर, बोटभर अंतरात, घर्षणाचे दोन उलटे उपयोग.

सुटू नये म्हणून केलेली खटपट

स्कूटरला गती दिली की क्रँक क्लचला एका दिशेने ढकलतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उलटं. दिवसातून शेकडो वेळा हा झटका बसतो. अशा जागी नट आपोआप सैल होण्याची भीती असते. बराच काळ अशी समजूत होती की यात मुख्य दोष शाफ्टच्या दिशेने होणाऱ्या कंपनांचा. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोग करून दाखवलं की आडव्या दिशेची सरक त्याहून फार घातक असते. जोड आडवा किंचित घसरला की तेवढ्या क्षणापुरतं आट्यांमधलं घर्षण निकामी होतं आणि नट थोडा मागे फिरतो. त्यांनी बनवलेल्या चाचणी यंत्रासारखी यंत्रं आजही वापरतात. आपण भरवशाचा समजतो तो स्प्रिंग वॉशर या चाचणीत फारसा टिकत नाही.

मग उपाय दोन. एक म्हणजे वेस्पातलं वाकवलेलं पातं. ते ताण टिकवत नाही, पण नटाला पूर्ण सुटूनही देत नाही. दुसरा उपाय रसायनाचा. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये असा द्रव तयार केला, जो हवा लागत असेपर्यंत पातळ राहतो आणि धातूच्या फटीत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतो. आज मिस्त्री ज्याला सरसकट "लॉकटाइट" म्हणतात, ते इथून आलं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. न सुटणारा नट आपल्याला बिघाड वाटतो. पण ज्यांनी तो घडवला त्यांच्या दृष्टीने तो यशस्वी झालेला नट आहे. त्याने सुटू नये म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या काम झालं.

पाना कुणाच्या हातात?

आता ही गोष्ट आपल्याकडे येते. बजाजने आधी वेस्पा आयात करून विकल्या. १९६० पासून पियाजिओशी करार करून त्या इथेच बनवल्या. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीतून 'चेतक' आली. नाव आपलं, पण आतली मांडणी वेस्पाचीच, खाचेदार नटासकट.

ते परवान्यांचे दिवस होते. उत्पादनावर मर्यादा, मागणी अफाट. स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. इतक्या वाटेनंतर आलेली स्कूटर कुणी पाच वर्षांत विकत नसे. ती वीस-पंचवीस वर्षं घरात असे, आणि तेवढ्या काळात तोच नट अनेकदा, अनेक हातांनी उघडला जाई. खास पाना सगळ्यांकडे नसे. मग मिस्त्री पाइपाच्या तुकड्याचं तोंड कानशीने घासून चार दात काढत आणि आपला पाना बनवत. तेही नसेल तर खाचेला छिन्नी लावून हातोडीचे ठोके. नट सुटायचा, पण खाचेची कड चेपायची आणि पुढच्या वेळी खरा पानाही घसरायचा.

म्हणून जुन्या क्लचचा नट वाचता येतो. एकाच बाजूला चेपलेल्या खाचा म्हणजे छिन्नी चालली आहे. पात्यावर दोन-तीन घड्या म्हणजे नवा वॉशर न घालता जुनाच पुन्हा वाकवला आहे. या खुणा कुठल्याही सर्व्हिस बुकात सापडणार नाहीत. कारखान्याने काय सांगितलं हे पुस्तकात असतं, प्रत्यक्षात काय झालं हे धातूवर असतं. इतिहास लिहिताना दोन्ही लागतात.

इथे एका सापळ्याबद्दल सांगायला हवं. "खास पाना ठेवला म्हणजे गिऱ्हाइकाने घरी उघडू नये हाच कंपनीचा डाव होता" असं वाक्य लिहायचा मोह होतो. परिणाम तसा झाला हे खरं. पण परिणामावरून हेतू सिद्ध होत नाही. नट क्लचच्या मध्यभागी खोलगट जागेत आहे. बाजूने साधा पाना फिरवायला तिथे वावच नाही, आणि खाचांमुळे पात्यालाही जागा मिळते. हे साधं अभियांत्रिकी कारणही तेवढंच पटण्यासारखं आहे. हेतूचा दावा करायचा तर त्यासाठी वेगळा पुरावा हवा: आराखड्यांवरच्या नोंदी, कंपनीचा पत्रव्यवहार. तो नसेल तर आपण परिणामापाशी थांबायचं. प्रबंध तपासणारे नेमकं इथेच बोट ठेवतात.

मग "जाम" म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे परत जाता येतं. स्वच्छ, तेल असलेला नट सोडायला लागणारा जोर आवळायला लागलेल्या जोरापेक्षा साधारण थोडा कमीच असतो, कारण आट्यांचा उतार सोडताना मदत करतो. ही आपली आधाररेषा. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त जोर लागत असेल, तर आवळल्यानंतर काहीतरी नवीन घडलं आहे. ते काय, हे शोधायचं.

गंज असेल तर लोखंडाची जागा त्याच्याहून कितीतरी फुगीर गंजाने घेतली आहे आणि आटे आतून कोंडले आहेत. इथे झिरपणारं तेल आणि वेळ द्यावा लागतो. डब्ल्यूडी-४० सगळे याच कामाला वापरतात, पण १९५३ मध्ये सॅन डिएगोत तो तयार झाला तो पाणी दूर ठेवून गंज रोखण्यासाठी, हे त्याच्या नावातच आहे. रसायनाने चिकटवलेलं असेल तर तेलाचा उपयोग नाही, उष्णता लागते. मात्र क्लचच्या आसपास तेल, पेट्रोल आणि रबरी सील असतात, त्यामुळे उघडी ज्योत घरी वापरू नका. धातू धातूला ओरखडून चिकटला असेल तर नट कापावाच लागतो. आणि पातं सरळ करायचं राहून गेलं असेल, तर दोष नटाचा नाहीच.

चेतकसारख्या स्कूटरमध्ये क्लच तेलात असतो. तिथे गंजाची शक्यता कमी, चेपलेल्या खाचा आणि वाकलेलं पातं आधी तपासा. बिनगिअरच्या स्कूटरचं उलट. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडापासून आपल्याकडे रुळलेल्या या गाड्यांत पट्टा आणि क्लच कोरड्या कप्प्यात असतात. तिथे पट्ट्याची धूळ आणि ओल मिळून गंज हा पहिला संशयित. या गाड्यांच्या क्लचच्या मोठ्या नटामागे एक दणकट स्प्रिंग दाबलेली असते. ती दाबून धरायच्या साधनाशिवाय तो नट सोडू नका, सगळं तोंडावर उडतं.

इम्पॅक्ट गन का चालते, तेही आता कळेल. लांब पाइप लावून तुम्ही जोर हळूहळू वाढवता, तेव्हा क्रँकही बरोबर फिरायला बघतो. इम्पॅक्ट गन लहान लहान झटके देते. क्रँक जड असल्यामुळे तेवढ्या क्षणात तो फारसा हलत नाही, आणि झटक्यांनी ती चिकटलेली शिखरं एकेक करून तुटतात. बाउडन आणि टेबर यांचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला तो कर्कश आवाज वेगळा ऐकू येतो.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय नट नसेल. तरी हा क्रम वापरून बघा. ज्या शब्दापाशी सगळे थांबतात तो शोधा. इथे तो "जाम" होता, तुमच्याकडे "मागासलेपण" असेल, "प्रदूषण" असेल, "अनास्था" असेल. त्या शब्दाखाली किती वेगळी कारणं एकत्र कोंबली आहेत ते मांडा. काहीच बिघडलं नसतं तर काय दिसलं असतं, ही आधाररेषा ठरवा. मग प्रत्येक कारणाची एक खूण शोधा, जी फक्त त्याच कारणाने उमटू शकते. चेपलेली खाच गंजाने होत नाही, आणि फुगलेले आटे छिन्नीने होत नाहीत.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक सराव करा. घरातली एक न उघडणारी किंवा न सुटणारी गोष्ट निवडा: बरणीचं झाकण, खिडकीची कडी, सायकलचं पेडल. तिला हात लावायच्या आधी अर्धं पान लिहा: ती कशाकशामुळे अडली असू शकते, आणि प्रत्येक शक्यता कशी तपासाल. पेडल निवडलंत तर एक सूचना: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. का, हेही त्या अर्ध्या पानात येऊ द्या.